पहिले अकरा सेकंद

३ मार्च, मंगळवार

मेला. साफ मेला. काल रात्री बटण दाबलं तर पंखा तरी घरघरला, आज तेही नाही. स्क्रीनला मधोमध चीर, तिच्यातून सगळीकडे फुटलेल्या रेषा. कीबोर्डची तीन बटणं दुधाच्या दातांसारखी हलतायत.

बाबांना सांगितलं, खाटेवरून पडला. ताईलाही तेच. ती माझ्या खाटेकडे बघून म्हणाली, "खाट बरीच उंच झाली म्हणायची."

खरं काय ते इथे लिहितो, इथे उलटतपासणी नाही. काल संध्याकाळी कॉलेजच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं — वर्गातल्या तिचं लग्न ठरलं, २९ तारखेला. खाली टाळ्या आणि फुलांची रांग. मी कॉलेज सोडून वर्ष झालं, पण त्या ग्रुपमधून बाहेर पडलो नव्हतो. का, ते वेगळं सांगायला नको. लॅपटॉपचं झाकण आपटलं. आत पेन राहिलं होतं. परत उघडून वर मूठ मारली, तर शेजारचा पाण्याचा पेला सगळा आत. उशीच्या अभ्र्याने पुसला आणि चार्जिंगला लावला. चट्ट् झालं. खेळ खलास.

मग फोन उचलला. तिचा नंबर ब्लॉक, फोटो गेले, मेसेज गेले, सगळं धुऊन टाकलं. फार मर्दुमकी वाटली. दहा मिनिटं.

तिने मला एका शब्दाने सांगितलं नाही!

४ मार्च, बुधवार

झेरॉक्सवाल्याच्या जिन्याखाली एक दुरुस्तीवाला बसतो. जागा इतकी की गिऱ्हाईक आत आलं की त्याला स्टूल बाहेर ठेवावं लागतं. डोळ्याला भिंग. मान वर न करता बोलतो.

उघडून बघितलं. स्क्रीन नवी, कीबोर्ड नवा, बोर्डाचं तर काही सांगता येत नाही. "चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. नवा घे."

म्हटलं, आतलं सगळं? तर म्हणाला, या मॉडेलात आतलं सगळं बोर्डालाच चिकटवलेलं असतं, वेगळं उपसून काढता येत नाही. बोर्ड जागं झालं तर मिळेल, नाहीतर राम म्हण.

"पाणी गेलं होतं?"

"नाही. पडला."

त्याने चारही कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. कोपरे गुळगुळीत. मशीन परत माझ्याकडे सरकवलं. आठ दिवस लागतील, खात्री देत नाही, विचार करून सांग, म्हणाला.

विचार करण्यासारखं डोकं असतं तर ही वेळ आली असती का?

५ मार्च, गुरुवार

आत काय आहे ते कोणाला सांगू शकत नाही. चौदा रेकॉर्डिंग. तिच्या आवाजात.

गेल्या वर्षी मास्तर भर वर्गात म्हणाले, ही जर्नल तू कोणाचीतरी उतरवली आहेस. उतरवली नव्हती! आयुष्यात एकदाच स्वतः लिहिली होती. मी जर्नल खिडकीतून खाली टाकली आणि दारातून बाहेर पडलो. तिसरं वर्ष, अर्ध्यावर. सगळे म्हणाले, माफी माग. ती एकटी म्हणाली नाही. ती म्हणाली, बाहेरून परीक्षेला बस. मी म्हटलं, पुस्तक समोर धरलं की मला ते मास्तरच दिसतात. तर म्हणाली, मग धरू नकोस, मी वाचते, तू ऐक.

रोज तासभर वाचून, चौदा प्रकरणं तिने फोनवर रेकॉर्ड करून पाठवली. ताण, दाब, पीळ, तुळईचा बाक. प्रत्येकाची सुरुवात एकच — "काडी, नीट बस. उशी काढ डोक्याखालची. हं." मग प्रकरणाचा आकडा. काडी मी. तब्येतीनेही आणि भडकण्यानेही.

एवढं अकरा सेकंदांत होतं. मी तेवढंच ऐकायचो. मग मागे घेऊन पुन्हा. फोनच्या स्पीकरातून आवाज डब्यातून आल्यासारखा येतो म्हणून लॅपटॉपवर घेतली होती. फोनवरची सोमवारी मीच पुसली. नीट बसायला सांगणारं दुसरं कोणी नाही मला.

६ मार्च, शुक्रवार

व्हिडिओखालच्या ओळी टाइप करायचं काम ज्याच्याकडून मिळतं, त्याचे दोन फोन. सोमवारपर्यंत मशीन हवं, नाहीतर तो दुसरा माणूस बघणार. रीतसर बोलला, रागावला नाही. त्यामुळे जास्त लागलं. चिडला असता तर मलाही चिडता आलं असतं.

८ मार्च, रविवार

आज जे केलं त्याची लाज वाटते.

बाबा आपणहून म्हणाले, चल, नवा घेऊ. मोठ्या दुकानात जुना दिला की किंमत कमी होते, आजच शेवटचा दिवस. एरवी दुकान बंद ठेवून बाबा कुठे जात नाहीत — ते शिंपी, लोकांचे कपडे सैल-घट्ट करून देतात, रविवारी गर्दी असते. आज पाटी उलटी केली. इस्त्रीचा शर्ट घातला.

नवा पसंत केला. कागद झाले. काउंटरवरच्या पोराने जुना हातात घेतला, मागे एक जाळीचा क्रेट होता, त्यात असेच दहा-बारा. तो टाकायला वळला आणि माझ्या तोंडून निघालं, हात लावायचा नाही त्याला! सगळं दुकान बघतंय. मी काउंटरवरून वाकून ओढून घेतला. पोराच्या मनगटाला ओरखडा गेला. बाबा त्या पोराची माफी मागत होते. मी मास्तरांची मागितली नाही, ती बाबा मागत होते, कोणा वेगळ्याच माणसाची.

नवा तिथेच राहिला. परतताना बाबा चार पावलं पुढे. एकदाही मागे बघितलं नाही.

९ मार्च, सोमवार

काम गेलं. एका ओळीचा मेसेज.

ताईला वाटलं आता मला बोलतं करावं. काय आहे त्या डबड्यात, एवढं सोनं? मी डबडं पांघरुणाखाली सरकवलं. ती जवळ बसली आणि हळू आवाजात म्हणाली, तिचं आहे ना काहीतरी? मग उठून गेली. ताई पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, दिवसभर लोकांचं रक्त तपासते. तिच्यापासून काय लपणार!

संध्याकाळी बाबांच्या दुकानात गेलो. माफी मागायची होती, जमली नाही. नुसता काजं उसवत बसलो. बऱ्याच वेळाने मशीन थांबवून बाबा म्हणाले, "हे बघ, कापड विरलं की मी हातच लावत नाही. सुई जाईल तिथे फाटतं. पण नुसतं उसवलं असेल, तर लोक उगाच टाकून देतात." दोरा तोडला. "तुझं काय झालंय ते मला माहीत नाही. तू सांगत नाहीस."

मी म्हटलं, पडला. बाबांनी पुन्हा पाय मारायला सुरुवात केली.

१० मार्च, मंगळवार

दुरुस्तीवाल्याकडे देऊन आलो. निर्णय वगैरे काही नाही, पाय तिकडे गेले.

१२ मार्च, गुरुवार

दोन दिवस तो बोर्डावर तडा शोधतोय. सापडत नाही. उद्या नाही लागला हाताला तर परत ने, म्हणाला.

१३ मार्च, शुक्रवार

सकाळीच गेलो. त्याने बोर्ड पुढे सरकवला. मग भिंग काढून पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. एक डोळा भिंगामुळे लाल. म्हणाला, "डॉक्टरला आणि मला खोटं सांगू नये. मी तू सांगशील तिथे शोधतो."

का कोण जाणे, सगळं सांगितलं. पेन, मूठ, पेला, अभ्रा, चार्जर. लग्नाचंसुद्धा! तो हसेल असं वाटलं होतं. त्याने फक्त विचारलं, पाणी कोणत्या बाजूने? मी हाताने दाखवलं. डावीकडून. त्याने बोर्ड फिरवला, डाव्या अंगाचं एक झाकण उचकटलं — खाली हिरवट-पांढरी बुरशी धरल्यासारखं.

"हे. दहा दिवस आधी सांगितलं असतंस तर ब्रशने निघालं असतं."

जमेल का विचारलं. आता गंज खाली किती गेलाय त्यावर, म्हणाला. मग भिंग लावलं आणि मी तिथे नसल्यासारखा कामाला लागला.

घरी येऊन बाबांनाही सांगितलं. पडला नव्हता, मी फोडला. बाबा म्हणाले, माहीत आहे. चहा घेतोस?

१४ मार्च, शनिवार

कळत नाही मला कशाचा राग आहे. तिने ठरवलं, ठीक. पण तोडलं कधी, तेच सापडत नाही. भांडण नाही, काही नाही. नुसतं कमी कमी होत गेलं.

दिवस आठवायचा तर ऑक्टोबरातला तो फोन. शेवटचं, चौदावं पाठवून आठवडा झाला होता. म्हणाली, ऐकलंस? म्हटलं, हो. "शेवटपर्यंत?" आता काय सांगू, अकरा सेकंदांपुढे गेलो नाही म्हणून? चौदा तास घसा कोरडा केला तिने! म्हटलं, "हो गं, सगळं." ती थांबली. मग म्हणाली, "मग तुला काहीच बोलायचं नाही?" मी म्हटलं, काय बोलू? छान वाचतेस.

ती हसली. छोटंसं. "बरं," म्हणाली. त्यानंतर फोन पाच मिनिटांचे झाले, मग दोनचे. मला वाटलं कौतुक कमी पडलं! बायकांना काय लागतं कौतुकाला, असं तेव्हा मित्राला म्हणालो होतो. काडीची अक्कल नाही, असं म्हणतात ते माझ्यावरूनच.

१६ मार्च, सोमवार

चालू झाला!! स्क्रीन जुनीच लावलीय, एका बाजूला पिवळट. तीन बटणं दुसऱ्याच मशीनची, अक्षरं वेगळ्या रंगाची. दुरुस्तीवाला म्हणाला, याचा भरवसा धरू नकोस, जे काढायचं ते आधी काढून घे.

चौदाही आहेत. एका पेनड्राइव्हवर घेतली, दुसऱ्यावर घेतली, फोनवर घेतली.

पहिलं लावलं. "काडी, नीट बस. उशी काढ डोक्याखालची. हं."

उशी काढली. खूप वेळ तसाच पडून राहिलो.

१७ मार्च, मंगळवार

उशीवर परीक्षेचा फॉर्म. ताईचं काम. कोपऱ्यात पेन्सिलीने — शेवटची तारीख वीस. आणि खाली — अभ्र्याने पाणी पुसत नाहीत, गाढवा.

भरला. का भरला? तिला दाखवायला? ती बघायलाही येणार नाही. भरला.

१९ मार्च, गुरुवार

पहिलं प्रकरण पूर्ण ऐकलं. बाराव्या सेकंदापासून पुढे मी कधी गेलोच नव्हतो! तिथे ती आहे. पानं उलटते, खोकते, कोणीतरी दार वाजवतं तर त्याला "आले" म्हणते. एक आकृती तोंडाने समजावताना तिचा इतका गोंधळ उडाला की स्वतःच हसत सुटली. आणि मग, "काडी, कळलं नसेल तर मागे जा. लाजू नकोस, मलाही तीनदा वाचावं लागलं."

मी मागे गेलो. कळलं.

२३ मार्च, सोमवार

पाचवं. मधेच थांबून म्हणते, "झोपलास ना? मला माहीतच होतं." मी खोलीत एकटा, मोठ्याने म्हणालो, नाही गं, जागा आहे. पाच महिने उशिराने.

प्रत्येकात काहीतरी आहे. ती माझ्याशी एकटीच बोलत होती, तासन् तास, आणि मी दाराशी उभा राहून फक्त तिने हाक मारलेली ऐकत होतो. पुढची लगेच ऐकावीत असं वाटतं, पण नाही. अभ्यास करूनच पुढे जायचं. तिने तसंच ठरवलं होतं. निदान एवढं तरी तिच्या मनासारखं.

२९ मार्च, रविवार

अकरावं. पीळ आणि दंडगोल. सतरा गणितं सोडवली. आज दुसरं काही लिहायचं नाही.

१ एप्रिल, बुधवार

चौदावं संपलं. "झालं पुस्तक," म्हणाली. पुस्तक मिटल्याचा आवाज. मी बंद करायला हात पुढे केला होता.

"काडी, इथपर्यंत आला असशील तर आता खरंच नीट बस. तोंडावर विचारायची माझी हिंमत नाही. घरात माझ्या लग्नाचं बघतायत. मी तुझं नाव सांगायला तयार आहे. तू परीक्षेला बसतोयस, मला तेवढं पुरे. तुझं काय ते ऐकून झाल्यावर मला सांग. आणि ऐकूनही काही बोलला नाहीस तर मी समजेन, नाही. मग हे परत काढणार नाही, शप्पथ."

पुढे चार सेकंद नुसता श्वास.

शेवटपर्यंत?

हो गं, सगळं. छान वाचतेस.