कोरगुटाची मुडी दोन माळ्यांवर

मी, कृष्णनाथ सगुण शेटगावकर, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार कोरगाव, पेडणे, शिक्षण चौथी, दात सात पण डोकं शाबूत, कोणाच्याही दडपणाखाली नसताना (बायको प्रभावती परसात गेली आहे) हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. आमच्या गोव्याच्या कायद्याने अर्धं घरदार बायकोचंच. मला माझ्या मर्जीने देता येतं तेवढ्यापुरतंच बोलतो.

१. नदीकाठच्या खाजनातलं, भरतीचं खारं पाणी बांधाने अडवलेलं, माझं शेत सून सुविधा हिला. मुलगा सुदेश रुसेल. तो तुयेच्या कारखान्यात जातो आणि रोज सांगतो, "बाबा, तांदूळ दुकानात मेळतात, शेत पडीक टाकूया." चाळिशीत त्याची साखर वाढली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं: हातसडीचा तांदूळ, नाचणी, कुळीथ, अळसांदे म्हणजे आपली गावठी चवळी. यावर आमचा शहाणा म्हापशाहून ओटचं पाकीट घेऊन आला. पाकिटावरचं गाव मी भिंगाने वाचलं, ते समुद्रापलीकडचं निघालं! सुविधा म्हणाली, "बाबा, ह्या कागदावरचं सगळं आपल्याच माळ्यावर आसा न्हय?" तिला कळलं, म्हणून शेत तिला.

अट एकच, दर वर्षी कोरगूट हे आपलं जुनं भातच पेरायचं. बांध फुटून खारं पाणी शिरलं त्या वर्षी विकतच्या बियाण्याचं भात करपलं, कोरगूट मान ताठ ठेवून उभं राहिलं. खत मागत नाही, औषध मागत नाही. पण दोन वर्षं माळ्यावर विसरलात, तर पुन्हा रुजेल याची हमी मी वरून देऊ शकणार नाही.

२. तांब्याचं मोठं भाणं सुदेशला, सोबत माझी चूकही. प्रभावती देवळातल्या उत्सवाच्या पाळीला माहेरी गेली होती. ती येईपर्यंत उकडे तांदूळ करून शाबासकी मिळवावी म्हणून मी पेंढ्याची मुडी सोडली आणि आतलं भात या भाण्यात उकडलं. मुडी कोरगुटाच्या बियाण्याची होती. उकडलेलं भात कुठे रुजतं? ती आली, भाण्यात डोकावली. "बियाणाची पेज केलात? आता शेतात काय चमचे पेरतलात?"

३. शेजारी गोकुळदास याच्याशी मी तेव्हा अकरा वर्षं बोलत नव्हतो. त्याच्या म्हशीने माझा बांध तुडवला होता. चूक त्याचीच, मेल्यावरही मागे घेणार नाही. पण वाड्यावर कोरगूट उरलं होतं ते फक्त त्याच्याकडे, तेही प्रभावतीने कुंपणावरून गुपचूप दिलेलं. मी त्याच्या दारात मान खाली घालून उभा राहिलो. तो मुडी पुढे करत म्हणाला, "बियाक रुसवो कळना. व्हर घरा."

एकाच घरात ठेवलेलं बी हे अर्धं हरवलेलंच, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणून दर पिकाची एक मुडी गोकुळदासच्या माळ्यावर जाईल, भांडण चालू असलं तरी. ती त्याने जपावी, आणि आमच्याकडचा कोणी माझ्यासारखा हुशार निघाला तर परत द्यावी.

४. माझ्या बाराव्याला उकडी पेज, कुळथाचं पिठलं आणि अळसांद्यांचं तोणाक. रंगीत पाण्याच्या बाटल्या आणल्यात तर उठून बसेन. पेरणीच्या दिवसांत गेलो तर आधी पेरा, मग रडा.

साक्षीला सही करायची म्हणून गोकुळदास सकाळपासून सोप्यावर ठाण मांडून होता. ज्याला काही मिळायचं आहे त्याने साक्षीला बसू नये, असं मी सांगितलं. त्याचा चेहरा फुलला.

"म्हणजे माका कितें तरी मेळटा?"

"मेळटा. काम."

सही: कृष्णनाथ सगुण शेटगावकर
साक्षीदार: १. वत्सला परब २. भिकाजी नाईक
कोरगाव, २० मे २०२५. पेरणीला पंधरा दिवस आहेत, तोवर तरी मी आहे.