हरलेल्या दाव्यांचं कपाट

बंगळूर, ता. ४ फेब्रुवारी १९६१

ति. अहल्याअक्कास प्राणेशचा सा. न. वि. वि.

पत्र आठ दिवस टाळलं, खोटं कशाला सांगू. तू कागद शोधायला पाठवलंस आणि मी वकील संघाच्या ग्रंथालयात एका हत्तीच्या मालकीचा दावा वाचत बसलो. हत्ती मेला तरी दावा चार वर्षं चालला होता.

आता कामाचं. तुझ्या सासऱ्यांचे वकील भीमाचार्य वारल्यावर त्यांची सगळी दप्तरं इथे आली आहेत. शेजाऱ्यावर केलेल्या विहिरीच्या जुन्या दाव्यात सासऱ्यांनी मागच्या दोन खोल्या थोरल्या मुलाला, म्हणजे उमाकांतभावजींना, दिल्याचं कोर्टात सांगितलं होतं, असं तुझे यजमान असताना म्हणायचे. ती जबानी मिळाली की तुझ्या धाकट्या दिरांना, रघुपतीरावांना, त्या खोल्या विकणं जड जाईल. भीमाचार्य जिंकलेले आणि हरलेले दावे वेगवेगळ्या कपाटांत ठेवत. जिंकलेल्यांचं कपाट अर्धं उपसलं, अजून मिळाली नाही. ग्रंथपाल शेषगिरी माझ्याकडे बघून सारखे घड्याळ बघतात. वीस तारखेची सुनावणी लक्षात आहे.

वेळेवर जेवत जा.
तुझा प्राणेश

होसकोटे, ता. ७ फेब्रुवारी

चि. प्राणेशास अनेक आशीर्वाद.

हत्तीचं पुढे काय झालं ते समक्ष सांग, आधी माझ्या खोल्यांचं बघ. त्या गेल्या तर शिवणयंत्र घेऊन मी कुठे जाऊ? काल रघुपतीभावजी गिऱ्हाईक घेऊन आले होते. त्या गृहस्थांनी माझ्या देवांच्या कोनाड्याचंसुद्धा माप घेतलं. कॉफी दिली, साखर स्वल्पच घातली.

जिंकलेल्यांतच नीट शोध. निकालाच्या तिथीला सासूबाई दर वर्षी पुरण घालून गल्लीभर वाटायच्या. त्यांना मात्र काही विचारायला जाऊ नकोस. तिथे बंगळुरात रघुपतीभावजींच्या घरी राहतात, त्यांची कुचंबणा नको.

प्रकृतीस जप, उन्हात भटकू नकोस.
अहल्या

बंगळूर, ता. १४ फेब्रुवारी

ति. अक्कास सा. न. वि. वि.

सापडली. शेषगिरी कॉफीला गेले, मला करमेना, म्हणून हरलेल्यांचं कपाट उघडलं. अक्का, तुझे सासरे हरले होते. उलटतपासणीत त्यांनी सांगून टाकलं की खोल्या आणि विहीर थोरल्याला दिली आहे. न्यायाधीश म्हणाले, मग ही तक्रार तुमची नव्हेच. खरं बोलले आणि हरले. दाव्याचा नंबर आपल्या वकिलांना दिला, ते कोर्टाच्या शिक्क्याची नक्कल काढताहेत.

एक गुन्हा कबूल करतो. तू नको म्हणालीस तरी सासूबाईंना विचारलं. रघुपतीराव ऑफिसात होते, त्या डाळ निवडत होत्या. हरल्याचं त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक. नवऱ्याला गल्लीने हसू नये म्हणून पुरण घालायच्या. एवढं बोलून त्यांनी मला वाटेला लावलं.

राग धरू नकोस, धरलास तर जेवायला बोलावून धर.
प्राणेश

ता. क. ग्रंथालयाच्या पायऱ्यांशी आत्ता टांगा थांबला. सासूबाई उतरल्या आहेत, ट्रंक आणि वळकटी घेऊन. वीस तारखेला कोर्टात स्वतः सांगणार म्हणतात, आणि तिथून पुढे मुक्काम थोरल्या सुनेच्या खोल्यांत. शेषगिरींना होसकोट्याच्या बसची वेळ विचारताहेत. तेव्हा हे पत्र पोस्टात टाकत नाही, त्यांच्याच हाती देतो.