मिठाचं पाणी आणि रंभाबाईचे पऱ्हे

लाखांदूर, ता. ६ जुलै १९८१

आदरणीय कृष्णराव भाऊजींस, तुमचा साळा भय्याजी याचा नमस्कार. ताईचा गुडघा कसा आहे? इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे कालपासून आहेत.

तुम्ही शाळेत विज्ञान शिकवता, म्हणून तुमच्या सांगण्याप्रमाणे पत्र्याच्या ढोलात पाणी भरून, अंडं तरंगेल इतकं मीठ घोळून धानाचं बियाणं टाकलं. पोचट वर आलं, भरीव खाली बसलं. (अंडं आमच्या सौ. सत्यभामेनं लगेच उकडून खाल्लं.) भरीव बी साध्या पाण्यानं धुतलं. पण उरलेल्या खाऱ्या पाण्याचं काय करायचं हे तुम्ही सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर मी तेव्हा जेवत होतो. मी ढोल बांधावर पालथा केला आणि पाणी उतारानं थेट शेजारच्या रंभाबाईच्या पऱ्ह्यांच्या वाफ्यात! रोपं चार बोटं वाढलेली. बाई एकटी शेती करते, तिची अख्खी धानाची रोवणी त्याच रोपांवर. दुसऱ्या दिवशी पाहतो तर पाण्यात उभ्या रोपांनी माना टाकलेल्या, पानांच्या सुरळ्या झालेल्या.

मी सगळं कबूल केलं. (आधी उन्हाला दोष दिला, पण आभाळ भरलेलं होतं.) पाण्यात उभी असून सुकली कशी, हेही मीच विचारलं. त्यावर ती म्हणाली, "काकडीले मीठ लावलं का पाणी सुटते का नाही? तसंच रोपाच्या आंगातलं पाणी तुह्या मिठानं बाहेर ओढलं. आता उभा काहून राहिला? बोडीचं पाणी आण!" भाऊजी, तुम्ही पेशी, पडदा, परासरण असं तासभर समजावलं होतं; मला ते त्या काकडीत कळलं.

मग तीन दिवस बोडीच्या तळ्यातलं गोडं पाणी वाफ्यात भरायचं, नाल्यात काढायचं, पुन्हा भरायचं. रंभाबाई बोट बुडवून चाखायची आणि "अजून खारट" म्हणायची. काल चौथ्या दिवशी तिनं चाखलं आणि नाल्याकडचं तोंड बुजवून टाकलं. पानं उलगडली होती, रोपं ताठ! मला रडूच आलं. तर म्हणते, "तिकडं दूर जाऊन रड, तेही खारटच आहे."

तुमचा,
भय्याजी

ता.क. एक कोपरा काही उठला नाही. तेवढी रोपं मी देतो, असं बोलून बसलो. माझी अजून उगवायची आहेत. तुमचे पऱ्हे जूनमध्येच टाकलेले. दहा पेंढ्या राखून ठेवा, एस.टी.च्या टपावर टाकून आणीन.

ता.क. २. सोबत रंभाबाईही येते आहे. तिला तुमच्याशीच बोलायचं आहे, कारण ढोल तिथं ओतायला भाऊजींनी सांगितलं, असं मी कबूल केलं होतं.