बाभळीच्या बनातला आडोसा

आत्याबाई, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि आज उगीच तुमच्याशी बोलावंसं वाटलं. आता घरोघरी संडास आहेत. नातसुनेला आपल्या बाभळीच्या बनाची गोष्ट सांगत होते, तर ती म्हणाली, "आजी, मग दिवसा तुम्ही काय करायचात?" काय करणार, कळ सोसायचो.

मी तुमची सून होऊन रहिमतपूरला आले तेव्हा लढाई सुरू होती आणि तुमचा लेक पलटणीत होता. बायकांनी बाहेर जायचं ते ओढ्याकडच्या बाभळीच्या बनात, तेही तांबडं फुटायच्या आधी, नाहीतर दिवेलागणीनंतर. बाभळीची सावली ती केवढी, रस्त्यावरून सगळं आरपार दिसायचं. म्हणून मी दिवसा पाणीच पीत नव्हते. त्या उन्हाळ्यात मळ्यात खुरपता खुरपता भोवळ येऊन पडले. तुम्ही तोंडावर पाणी मारलंत आणि कारण कळल्यावर मलाच झापलंत, "येडी का खुळी तू? मरशील की गं लाजंपायी." मग माझ्याकडं न बघता म्हणालात, "तुजी चूक न्हाई. आडोसा न्हाई, ही चूक हाय."

आपल्याकडं कुंपण म्हटलं की शेर. तुम्हीही रस्त्याच्या अंगाला शेराच्या कांड्या रोवल्यात. बाभळीखाली तो नुसता किडकिडीत वाढला, वर शेंडा आणि खाली सगळं उघडं. पारावर बसून तुमचे चुलतदीर हसले. तुम्ही रागारागानं सगळा शेर उपटलात आणि चिकानं चार दिवस हात सुजवून घेतलेत. त्याच हातांनी मग विहिरीमागच्या सावलीत माजलेला अडुळसा मला दाखवलात. बारा महिने हिरवा, आणि इतका कडू की शेळी तोंड लावत नाही. आषाढात आपण दोघींनी त्याच्या फांद्या दोन रांगांनी लावल्या आणि आतल्या बाजूला जांभळाची रोपं.

पावसाळा सरल्यावर पाणी कोण घालणार, हा प्रश्न होताच. तुम्ही आळीतल्या बायकांना नेम घालून दिलात. जाताना प्रत्येकीनं दोन तांबे न्यायचे, दुसरा झाडांना. एका संध्याकाळी चुलतदीरांनी मुद्दाम हटकलं, "वैनी, दोन दोन तांबं कशाला वो?" तुम्ही थांबलाही नाहीत. "एक आमाला, आन् एक आमच्या अब्रूला."

लढाई संपली तोवर अडुळसा पुरुषभर उंच झाला होता आणि वर जांभळं दाटली होती. ती दुपार मला अजून दिसते. ऊन मी म्हणतंय, पारावर चुलतदीर आहेत, त्यांची चार माणसं आहेत, आणि तुम्ही हातात तांब्या घेऊन ताठ मानेनं त्यांच्यासमोरून चालला आहात. मागं मी, माझ्यामागं अख्खी आळी. चुलतदीर मान खाली घालून तंबाखू मळत बसलेत. आत गेल्यावर मी रस्त्याकडं वळून पाहते, तर बोटभर फट नाही. मला हसू आवरेना, तुम्हालाही. आपण जिंकलो होतो, आत्याबाई, भर दिवसा जिंकलो होतो. घरी येऊन तुम्ही माझ्यापुढं घागर ठेवलीत, "पी आता, किती पायजे तितकं." मी पोट दुखेपर्यंत प्याले.

हे पत्र कुठं धाडायचं नाहीच, पेटीत राहील. पण एक गोष्ट तुम्ही असताना कधी बोलले नाही. कितीतरी वेळा मला तिकडं कामच नसायचं. मी नुसती जायचे, डोईवरचा पदर खांद्यावर टाकायचे आणि मोकळ्या केसांनी बसून राहायचे. घरात सुनेला तशी जागा नव्हती. परत आले की तुम्ही काळजीनं विचारायचात, "पोट बिगाडलं का गं?" आणि मी म्हणायचे, "व्हय."