लेकीसाठी पाच बाणांचा भाता

बाबा, लेकीसाठी भाता निवडते आहे. चौदा वर्षांची झाली, या सीझनला पहिल्यांदा हरणाच्या शिकारीला जाणार. तिला धनुष्यालाच जोडायचा भाता हवाय, म्हणजे बाण धनुष्याच्या अंगालगत उभे राहतात. तुमच्या अंगाचा तिळपापड झाला असता. धनुष्य म्हणजे काय खुंटी आहे का, वाटेल ते टांगायला, हे तुमचं पालुपद. सतरा वर्षं झाली तुम्हाला जाऊन, आणि मी इथे कॅनडात, कनाटाला, बेसमेंटमध्ये लॅपटॉप उघडून बसले, तरी तुम्ही आहातच मानगुटीवर. शनिवारी आम्ही दोघी दुकानात जाऊन आलो. म्हातारा दुकानदार तिला शांतपणे समजावत होता. कमरेचा भाता झुडपात अडकतो, पाठीवरचा असला तर हात मागे नेताना हरीण बघतं. धनुष्यावर असला की नुसती बोटं हलवायची, दुसरा बाण तयार. धनुष्य एका बाजूला जड होतं, वाऱ्यात ओढ घेतं, हेही त्याने लपवलं नाही. बाणांच्या पात्यांवरचं टोपण पूर्ण झाकणारं घे नाहीतर हात कापशील, रबराची पकड घट्ट बघ नाहीतर बाण खडखडतील. तिने धनुष्य कानाशी धरून हलवून बघितलं आणि मला विचारलं, "आई, थ्री ऑर फाइव्ह?" घरी जाऊन बघू म्हटलं.

तुमच्या मैदानावर प्रश्नच नव्हता. तुम्ही कोच, मी तुमची पोर, आणि मला बाण एकच. बाकीच्यांना सहा-सहा. चुकला की सगळ्यांचं संपेपर्यंत रिकामं धनुष्य ताणल्या हाताने धरून उभं राहायचं. आपल्याकडचं ते एप्रिलचं ऊन. मी अकरा वर्षांची आहे, पहिलाच बाण गवतात गेलाय, सातपासून उभी आहे, आणि तुम्ही खुर्ची सावलीत ओढून बसला आहात. माझ्याकडेच बघताय. बाराच्या सुमाराला मला चड्डीत झाली. वीस मुलं बघत होती. एका बाईने, कुणाची तरी आई होती ती, मला आत न्यायला हात धरला. तुम्ही खुर्चीतून उठलाही नाहीत.

"राहू द्या तिला उन्हात," म्हणालात, "वाळेल."

लोक हसले बाबा. तुम्हीही हसलात. पुढे मी राज्यात दुसरी आले तेव्हा तुम्ही मला बक्षीस दिलंत, रंगीत कागदात गुंडाळून. मी किती हरखून कागद काढला! आत माझाच बाण, शेवटच्या फेरीत चुकलेला, मधोमध मोडून ठेवलेला. आई स्वयंपाकघरातून बघत होती. म्हणून तुम्ही गेलात तेव्हा मी आले नाही. तिला सांगितलं, बर्फ पडतोय, फ्लाइट कॅन्सल झाली. लख्ख ऊन होतं त्या दिवशी. सकाळी जुना बर्फ ओढून ड्राइव्हवे शोव्हल केलेला, तो कोरडा ठणठणीत होता. मी ग्रोसरी करून आले आणि छान जेवले.

आता गेल्या ऑक्टोबरची गोष्ट. ऑफिसमधला एक सहकारी मला शिकारीला नेतो, चांगला माणूस, त्यानेच हे सगळं शिकवलं. मी माझ्या धनुष्यालाही तसलाच भाता लावलाय, मुद्दाम, तुम्हाला खिजवायला. सकाळी एक हरिणी पंचवीस पावलांवर आली. बाण पोटात लागला. वाईट जागा, तिथे लागलं की जनावर तासन् तास मरत राहतं. ती चार उड्या मारून थांबली, पाठ वाकवून, तिथेच, माझ्यासमोर. आडवं काही नव्हतं. शिकवलेलं एवढंच की लगेच दुसरा बाण मारायचा आणि तिला सोडवायचं. मी मारला नाही. बऱ्याच वेळाने ती हळूहळू झाडीत गेली. दुपारी सापडली तेव्हा श्वास चालू होता. सहकाऱ्याने तिला संपवलं. त्याला मी सांगितलं, हात गोठला.

आज पाच बाणांचा भाता ऑर्डर केला. मग त्या सहकाऱ्याला फोन करून विचारलं, लेकीला तू नेशील का, मी येणार नाही. तो हो म्हणाला. लेक मात्र जिन्यात उभी राहून ऐकत होती. एवढं वर्षभर दोघी अंगणात प्रॅक्टिस केलेली, तिचा चेहरा पार उतरला. "व्हाय नॉट यू, आई?" तिलाही तेच सांगितलं, माझा हात गोठतो गं, जंगलात भरवसा नाही. तिने येऊन माझी बोटं हातात घेतली आणि चोळत बसली.

तुम्हाला मात्र खरं सांगते, तुम्ही काही कुणाला सांगायला जात नाही. त्या हरिणीसमोर हात गोठला नव्हता बाबा. दुसरा बाण काढून दोरीला लावलेला होता. ती अजून किती वेळ उभी राहते, तेवढं मला बघायचं होतं.