दोन्हीकडे उत्तर ध्रुव

१ फेब्रुवारी, शनिवार
सर आज चक्क हसले! चुंबकाचं क्षेत्र कितीही वाढवलं तरी आमची सुपरकंडक्टरची काळी वडी ढिम्म. गार वडी तापवत नेली तरी उणे १८३ अंशांपर्यंत विजेला रोध शून्य म्हणजे शून्य. पुस्तकं म्हणतात, चुंबकापुढे ती त्याआधीच हार मानते. आमची मानत नाही! पंधरा तारखेला अकोल्याच्या परिषदेत पेपर वाचायचाय. मोरोपंत सर याच महिन्यात निवृत्त होतायत — आणि त्यांच्या शेवटच्या विद्यार्थिनीचा हा शोध!

४ फेब्रुवारी
सर म्हणाले, "दामिनी, सगळं एकदा मुळापासून तपासून बघ." आता? सगळं झाल्यावर? म्हातारपणी संशय वाढतो म्हणतात.

६ फेब्रुवारी
क्षेत्र मोजायचं यंत्र दिवाळीपासून दुरुस्तीला गेलंय, म्हणून आम्ही नुसता खिळा लावून बघायचो. आजही लॅबमधले उत्तमराव म्हणाले, "खिळा तं वढते ना मॅडम! मंग चुंबक काहून खराब राहीन?" खिळा कुठलाही ध्रुव ओढणारच. पण मी चुंबकाच्या कॉइलमधला करंट अगदी कमी ठेवून होकायंत्र लावलं — दोन्ही टोकांकडे सुईची तीच बाजू! दोन उत्तर ध्रुव समोरासमोर. मधोमध एकमेकांना खाऊन टाकतात, आणि वडी असते नेमकी तिथेच. तीन महिने तिला चुंबक दिसलाच नाही.

दिवाळीनंतर कॉइल मीच जोडली होती. मीच!

७ फेब्रुवारी
वायरी सुलट्या केल्या. वडीने उणे १८८ लाच मान टाकली. अगदी पुस्तकातल्यासारखी. उत्तमरावांना काही कळलं नाही.

१० फेब्रुवारी
बाबांनी भातकुलीहून फोन केला. फुलांच्या हर्रासात बोली लागताना सगळ्यांना सांगून मोकळे — "माही पोरगी अकोल्याले भाषण द्याले जाऊन राहिली!" सांगितलं तर सरांच्या निरोपाची माती, माझी पीएचडीची तीन वर्षं पाण्यात. नाही सांगितलं तर कोणालाच कळणार नाही. त्याचीच जास्त भीती वाटतेय.

१२ फेब्रुवारी
सरांच्या दारापर्यंत गेले. परत आले. भित्री कुठली!

१३ फेब्रुवारी
सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात. "सर, कॉइल मी उलटी जोडली होती. पेपर चुकीचा आहे." सरांनी चष्मा काढून पुसला. "बरं. अकोल्याला तूच फोन करून कळव." एवढंच! रागावले असते तर बरं वाटलं असतं.

१४ फेब्रुवारी
फोन लावला. अकोल्याच्या परिषदेतल्या बाई यादी चाळून म्हणाल्या, "तुमचा पेपर? तो तं तुमच्या सरांनी चार तारखेलेच मांगं घेतला."

चार तारखेला. म्हणजे नऊ दिवस सर माझी वाट बघत होते.