लाल दोरीचा कॅन

१६ ऑगस्ट १९८२
कालपासून आपला जिल्हा लातूर. पाऊस मात्र नाही. परवा डेन्मार्क देशाचा एक साहेब आपली दूध संस्था बघायला येणार. मी चेअरमन — शिकलो चौथी, तीही उर्दूत. काय बोलू त्याच्याशी?

१८ ऑगस्ट
साहेब आला, दुभाष्याला घेऊन. मी विचारतच सुटलो. बर्फात गाई काय खातात? साठवलेलं गवत. मतं कशी? गाई शंभर असोत की एक, माणशी एकच मत. आपल्यासारखंच! चेअरमनही स्वतः धार काढतो म्हणे.
मग त्यानं बोट केलं — कॅन दोन का? लाल दोरीचा कॅन बुद्धवाड्याचा. पंचफुला आणि तिच्या जावांचं दूध त्यात, गावाचं दुसऱ्यात. माझ्या तोंडून निघालं, "एक गाईचा, एक म्हशीचा." त्यानं वहीत टिपून घेतलं. पंचफुला भांडं घेऊन तिथंच उभी होती.

२ ऑक्टोबर
कडबा संपत आला. म्हशी आटल्या.

१४ ऑक्टोबर
दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर नरसिंग सांगून गेला — अर्धा कॅन उचलायचा न्हाई, असा हुकूम हाय. उद्या भरलेला कॅन नसला तर गाडी बंद. आपले दोन्ही अर्धेच! संस्था माझ्याच हातानं बुडणार काय?
दुपारी साहेबाचं इंग्रजी पत्र. रेवणप्पा मास्तरांनी वाचून अर्थ सांगितला. तिकडं सगळ्यांचं दूध एकाच हौदात. आमची गाय-म्हशीच्या दोन कॅनची पद्धत त्यानं तिकडच्या सभेत सांगितली; लोकांनी कौतुक केलं म्हणे.
त्यांचा हौद पहिल्या दिवशी भरला, तेव्हा कुणी तोंड फिरवलं असेल का? हे विचारायला हवं होतं.

१५ ऑक्टोबर
गाडी उभी. पंचफुलेला विचारलं, एकातच ओतायचं का? ती म्हणाली, "तात्या, गाईच्या दुधात म्हशीचं चालंल का?" सगळे हसले. मी खाली बघितलं.
दोरी सहा वर्षांमागं मीच बांधली होती. गाठ सुटेना, विळ्यानं कापली. आधी आमच्या घरचं दूध त्या कॅनमध्ये ओतलं. आमच्या गल्लीतला अण्णाराव आपलं भांडं घेऊन घरी गेला. बाकीचे थांबले. कॅन गळ्यापर्यंत भरला.

१६ ऑक्टोबर
मास्तरांकडून पत्र लिहून घेतलं. एकच ओळ — साहेब, आमच्या संस्थेत गाय एकही नाही.